प्रमाणात नसलेली आकृती

टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात मी वेल्डर होतो. मामा पत्र्यावर आखणी करायचे. त्यांच्या रेघेवर पत्रा कापला जाई आणि मी तो जोडत असे. वीस वर्षांत त्यांच्या रेघेपायी माझा एकही जोड उघडा राहिला नाही.

फोरमनची जागा रिकामी होणार होती. मालकांना मामाच हवे होते, पण अट दहावी पासची. मामांचं गणित राहिलं होतं. मी दहावी झालेला, म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी त्यांचा मास्तर झालो.

बीजगणित त्यांना सोपं गेलं. क्ष म्हणजे अजून न मोजलेली बाजू, एवढं सांगितलं आणि काम झालं. गाडी अडली ती भूमितीत. त्रिकोणाचे दोन कोन दिले होते, साठ आणि पन्नास. तिसरा काढायचा होता. मामांनी सत्तर लिहिलं. मग पुस्तकातल्या आकृतीवर कोनमापक ठेवला.

"हा बासष्ट भरतोय. आकृती चुकलीय."

"मामा, ती नुसती समजण्यापुरती असते."

"समजण्यापुरती टाकी बनवतो का आपण? चुकीच्या आखणीवर मी पुढचं काम करत नसतो."

पट्टी-कंपास घेऊन त्यांनी त्रिकोण नव्याने काढला. दहा मिनिटं गेली. तिथेच त्यांचा हात धरायला हवा होता. पण रेघ इतकी देखणी की मी म्हणालो, "वा! याला म्हणतात मेहनत." मग गृहपाठातली प्रत्येक आकृती ते नव्याने काढू लागले. मी एकदाही घड्याळ लावून त्यांना बसवलं नाही.

पेपर सुटला तेव्हा मी फाटकाशी उभा होतो. मामा खुशीत बाहेर आले.

"सगळ्या आकृत्या दुरुस्त करून दिल्या त्यांना!"

"आणि शेवटचे तीन प्रश्न?"

"वेळ संपली रे. पण ऐक." तिन्ही उत्तरं त्यांनी तिथेच उभ्या उभ्या सांगितली. तिन्ही बरोबर होती.

चार गुणांनी गेले. फोरमन बाहेरून आला. त्याला गुण्या कसा धरायचा, ते मामांनीच दाखवलं.

परीक्षेला पुन्हा बसा, म्हणून मी मागे लागलो. चूक माझी होती, हेही सांगितलं. पत्र्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "आता तूच बस. आकृत्या मी काढून देतो."

आजूबाजूचे हसले. मामाही हसले. त्यानंतर अकरा वर्षं, निवृत्त होईपर्यंत, ते दुसऱ्याच्या हाताखाली आखत राहिले.