बाराव्या वेढ्याची गाठ

हळूमामांवर नजर ठेवायला मालकांनी मला सांगितलं, तेव्हा मी नाही म्हणायला हवं होतं. मला नाही म्हणता येत नाही. मी "बरं" म्हणालो आणि बाहेर आलो. हे लिहायलाही मी बरीच वर्षं टाळाटाळ केली. पण मामा आता नाहीत, आणि त्यांच्याविषयी जे चुकीचं बोललं गेलं त्यातलं निम्मं माझ्या हातून लिहिलं गेलं होतं. तेवढं तरी निस्तरावं.

आमचा कारखाना शिशाच्या पाइपांचा. शिसं फार मऊ. नखाने ओरखडा उठतो. जमिनीवर टाकलं की पोचा पडतो. चार वेटोळी एकावर एक रचली तर सगळ्यात खालचं चपटं होऊन बसतं. प्रेसमधून गरम पाइप बाहेर येई, तो ड्रमवर गुंडाळून घ्यायचं काम मामांचं. दिवसभर ते एकच शब्द ओरडत, "हळू!" हमालांना ओरडत, मला ओरडत, एकदा तर वेटोळ्याला बूट लावला म्हणून मालकांनाही ओरडले. म्हणून हळूमामा. हजेरीच्या कागदावरचं नाव कोणाला आठवत नसे.

काम सुधारायची त्यांना खोडच होती. ड्रमचे लाकडी दांडे पाइपाला लागतात म्हणून त्यांनी त्यावर घरची जुनी कांबळी शिवली. वेटोळी उचलायची साखळी काढून रुंद पट्टा लावला. ती उभी ठेवायला लाकडी घोड्या ठोकून घेतल्या. कोणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे फोरमनला ते पहिल्यापासून खुपत. "स्वतःहून एवढं कोण करतं?" तो म्हणायचा. "काहीतरी असल्याशिवाय नाही."

पाइप कसा होतो ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कढईत शिसं वितळवायचं, पळीने प्रेसच्या भांड्यात ओतायचं, जरा घट्ट झालं की खालून दट्ट्या दाबायचा. वरच्या भोकातून, मध्ये सळई असल्यामुळे पोकळ, पाइप बाहेर येतो. ट्यूबमधून पेस्ट निघावी तसा. भांडं संपत आलं की थांबायचं, उरलेल्या शिशावर नवं शिसं ओतायचं आणि पुन्हा दट्ट्या दाबायचा. पाइप मध्ये तुटत नाही, हाच आमचा तोरा. दारावर पाटीच होती: 'बिनसांध्याचा पाइप'.

त्या वर्षी मालकांनी पाइपाची भिंत पातळ केली. तीन महिन्यांत तक्रारी सुरू झाल्या. नव्या घरांच्या भिंती ओलावल्या. प्लंबर लोकांनी फुटके तुकडे कापून परत पाठवले. मालकांनी ते टेबलावर ओळीने मांडले होते. नऊ तुकडे. नऊच्या नऊ तुकड्यांवर, फुटल्याच्या जागेशीच, सुतळीची गाठ.

"ही सुतळी कोण बांधतं?" मालकांनी मला विचारलं.

"हळूमामा."

"तुला माहीत होतं?"

"रजिस्टरात नोंद आहे," मी म्हणालो. मी तपासणी कारकून होतो. वेटोळ्याच्या दोन्ही टोकांचा वीतभर तुकडा कापायचा, त्यात पंपाने पाणी दाबायचं, फुटला नाही तर शिक्का मारायचा आणि नोंद करायची.

"कुठंतरी पाणी मुरतंय," मालक म्हणाले. भिंतींबद्दल की मामांबद्दल ते मला कळलं नाही. "लक्ष ठेव. कोणाला भेटतो, काय करतो. फोरमन म्हणतो, त्याला काढून टाका. पण पुराव्याशिवाय मी कोणाला काढत नाही."

मी लक्ष ठेवायला लागलो, आणि एकदा संशयाचा चष्मा चढवला की साधं काही दिसेनासंच होतं. मामा खोकले तरी मला ती खूण वाटे. प्रेस पुन्हा सुरू झाली की ते ओठ हलवत वेढे मोजायचे. बारावा वेढा आला की तळवा पाइपावर ठेवून डोळे बारीक करायचे, खिशातून सुतळी काढायचे आणि गच्च गाठ मारायचे. दर वेळी बारावाच वेढा. तळव्याआड काय करतात ते दिसत नसे. फोरमन माझ्या कानाशी म्हणाला, "अंगठ्याचं नख बघितलंस? केवढं वाढवलंय!" मी बघितलं. खरंच वाढलेलं होतं. त्याआधी मी कोणाच्या नखाकडे बघितलेलं मला आठवत नाही.

मामांचा मेहुणा प्लंबर. एका दुपारी मामा कागदात काहीतरी गुंडाळून त्याच्या दुकानाकडे निघाले, मीही मागे गेलो. दाराबाहेर उभा राहिलो. आत मेहुणा विचारत होता, "दर वेळी बाराव्यालाच?"

"बाराव्यालाच. सुतळी दिसली की कापायचं. तिथे दयामाया करायची नाही."

माझ्या मनात पाल चुकचुकली. तेवढ्यात मेहुण्याची नजर बाहेर गेली. "या की आत, साहेब! भिंत पडत नाही, कशाला धरून उभे राहिलात?"

मी आत गेलो. "वायसर पाहिजे होता," मी म्हणालो.

"कितीचा?"

"नळाचा."

"नळाचाच असतो हो. कानातला नाही मिळत इथे."

मामा हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत राहिले. "मास्तर, तुमचं घर तर त्या टोकाला," ते म्हणाले. "वायसरसाठी एवढ्या लांब?" मी लिहितो-वाचतो म्हणून ते मला मास्तर म्हणत. त्या दिवशी त्या शब्दाला धार होती. कागद उघडा पडला होता. आत गंजलेल्या टाचण्या-खिळ्यांशिवाय काही नव्हतं; ते देऊन मामांनी मेहुण्याकडून सुतळीचा गुंडा घेतला. मी ऐकलेलं तेवढं मालकांना लिहून दिलं. 'सुतळी दिसली की कापायचं, असं मेहुण्याला सांगितलं.' खोटं एक अक्षर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मामांना केबिनमध्ये बोलावलं. मालक खुर्चीत, फोरमन खिडकीशी, प्रेसवाला दाराशी, आणि मी रजिस्टर घेऊन कोपऱ्यात.

"सुतळी का बांधता?" मालकांनी विचारलं.

"गाठ आहे म्हणून."

फोरमन फसकन हसला. "ऐका! गाठ आहे म्हणून गाठ मारली. उद्या म्हणतील, टोपी घातली कारण टोपी घातली होती."

"मी तसं म्हटलं नाही."

"मग पाइप त्याच जागी फुटणार हे तुम्हाला आधी कसं कळतं? ज्योतिष बघता?"

"हाताला कळतं."

"हाताला कळतं की हाताने होतं?"

मामांचा चेहरा लाल झाला. प्रेसवाला जमिनीकडे बघत होता. त्याच्याकडे बघून मामा म्हणाले, "मी यालाही सांगितलं होतं. आणि मास्तरांना तर रोज सांगितलंय. लिहा म्हणून सांगितलंय. मास्तर, बोला ना."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी रजिस्टर छातीशी धरलं. "सुतळीची नोंद आहे," मी म्हणालो.

"बघा," फोरमन म्हणाला.

मामा माझ्याकडे बघतच राहिले. मी त्यांना विकलं असं त्यांना वाटलं असणार. हातातला चामड्याचा मोजा त्यांनी टेबलावर ठेवला, तोही हळूच. मालक म्हणाले, "उद्यापासून येऊ नका. शनिवारी शेवटचं सांगतो." तो गुरुवार होता.

संध्याकाळी घरी आलो. बायको पीठ कालवत होती आणि स्वतःवरच चिडली होती. "बोलण्याच्या नादात वरून एकदम ओतलं मेलं. आता गाठी झाल्या. वरून गुळगुळीत दिसतंय आणि आत सगळं कोरडं."

मी भांड्यात बघितलं. वरून खरंच काही दिसत नव्हतं. तिने बोटाने एक गाठ फोडली, आत कोरडं पीठ.

"कुठे झाली गाठ?" मी विचारलं.

"कुठे म्हणजे? जुन्यावर नवं ओतलं तिथे. असे काय बघताय? पीठ कधी बघितलं नाही?"

मी दाराशी जाऊन रजिस्टर उघडलं. नियम मोडून घरी आणलं होतं. कोणी त्यात काही खोडेल अशी मला धास्ती वाटत होती, फोरमनसकट सगळ्यांची. मागची पानं चाळली. पहिली नोंद मला चांगली आठवत होती. मामा माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले होते, "मास्तर, लिहा, वेटोळ्यात गाठ आहे." मी मान वर करून बघितलं, सुतळी लोंबत होती, आणि मी लिहिलं, 'वेटोळ्यावर सुतळीची गाठ. माल ठीक.' दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. "आजही गाठ आहे." मी म्हणालो, "दिसते आहे, मामा." ते म्हणाले, "दिसते? तुम्हाला दिसते?" आणि खूश होऊन गेले. त्यानंतर रोज. 'सुतळीची गाठ. माल ठीक.' एकेचाळीस दिवस. एकेचाळीस वेळा माझी सही.

ते पाइपातल्या गाठीबद्दल बोलत होते, मेहुण्याला तोच भाग कापून टाकायला सांगत होते, आणि मी सुतळीची मोजत होतो.

शुक्रवारी मी सगळ्यांच्या आधी कारखान्यात गेलो. ड्रमवर नवं वेटोळं होतं. मामा नसल्यामुळे त्यावर सुतळी नव्हती, आणि दोन पोचे होते. प्रेस जिथे थांबली होती त्या जागी पाइपावर बारीक कडं उमटलेलं असतं, ते शोधलं. तिथून बारा वेढे मोजले. तळवा ठेवला. माझ्या हाताला काही कळेना. डोळे मिटून पुन्हा फिरवला, तेव्हा एका जागी मांजराच्या जिभेसारखं काहीतरी खरखरीत लागलं. की मला हवं होतं म्हणून लागलं? माझा स्वतःवरही भरवसा उरला नव्हता. मी करवत घेतली, हातभर तुकडा कापला, उभा चिरला आणि उघडून सपाट केला.

भिंतीत काळपट रेघ होती. नख घातलं तर कांद्यासारखा पापुद्रा सुटून आला.

"ती मळी आहे," मागून कोणीतरी म्हणालं. प्रेसवाला. मी दचकलो. तो कधीपासून उभा होता कोण जाणे. "उरलेल्या शिशावर साय धरते. उरलेलं आधी बाहेर पडतं, त्याचे बारा वेढे होतात, मग ही येते. ती खरवडून काढायला हवी. वेळ जातो म्हणून फोरमन काढू देत नाही. जाड भिंतीत खपून जायची." मग तो म्हणाला, "मी बोललो हे सांगू नका."

"मग काल का बोलला नाहीत?"

"तुम्ही का बोलला नाहीत?" तो म्हणाला.

मालक आल्यावर मी चिरलेला तुकडा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी पापुद्रा स्वतः सोलून बघितला. मग फोरमनला बोलावलं. फोरमनने तुकडा उलटासुलटा केला आणि म्हणाला, "असेल. पण रजिस्टरात तर सुतळीचीच नोंद आहे. मामांनी हे कोणाला सांगितलं का नाही? माहीत असून गप्प बसले, सुतळ्या बांधत राहिले. म्हणजे लबाडीच झाली की."

मालकांनी मान हलवली. "हे बरोबर आहे. आधी सांगितलं असतं तर मी प्रेसच थांबवली असती."

मी तिथे गप्प बसलो असतो तर मामा गेलेच असते, आणि माझं काहीही बिघडलं नसतं. रजिस्टर माझ्या काखेत होतं. ते मी टेबलावर ठेवलं.

"सांगितलं होतं," मी म्हणालो. "मला सांगितलं होतं, रोज. मीच चुकीचं लिहिलं."

मालकांनी पानं उलटली. एक, दोन, पाच, दहा. वाचत गेले तसे त्यांच्या भुवया वर गेल्या. "गाठ म्हणजे कसली गाठ, हे एकेचाळीस दिवसांत एकदाही विचारावंसं वाटलं नाही तुला?"

"नाही."

"का?"

"सुतळी दिसत होती," मी म्हणालो.

मला तपासणीतून काढून वर्षभर बांधणी खात्यात टाकलं. ते योग्यच झालं. मामांना घरून बोलवायला मात्र मलाच पाठवलं. मामींनी दार अर्धंच उघडलं. "आता आणि काय लिहून न्यायचंय?" त्या म्हणाल्या. मी बाहेरूनच सगळं सांगितलं. आतून मामांचा आवाज आला, "त्याला म्हणावं, येतो. पण आधी मळी काढायची."

तसंच झालं. नवं शिसं ओतण्याआधी उरलेल्या शिशाचं तोंड खरवडून चकचकीत करायचं, कढईवरची साय बाजूला सारायची, आणि अगदी तापलेलं शिसं एका दमात ओतायचं, म्हणजे जुनं-नवं एकजीव होतं. टोकं तपासणं बंद झालं. सबंध वेटोळं पाण्याच्या हौदात बुडवून हवा भरायची, बुडबुडा आला की तेवढा भाग कापायचा. मामांनी हौदाच्या कडेलाही कांबळं लावून घेतलं. तक्रारी थांबल्या. फोरमन मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिला की त्या नखाचं काहीतरी होतंच.

वर्षाने मी माझ्या टेबलाशी परत आलो. पहिल्याच दिवशी मामा समोर येऊन उभे राहिले. हौदात एका वेटोळ्याला बुडबुडा आला होता.

"लिहा," ते म्हणाले. "वेटोळ्यात गाठ."

मी लिहिलं. ते हलले नाहीत.

"वाचून दाखवा."

"वेटोळ्यात गाठ."

"कसली?"

"शिशातली. बाराव्या वेढ्याला."

त्यांनी कागदाकडे बघितलं. त्यांना अक्षरं फारशी लागत नसत, तरी ओळीवरून बोट फिरवून त्यांनी शब्द मोजले, मग माझ्या तोंडाकडे बघितलं.

"आता करा सही," ते म्हणाले. "हळू."

पुढची अकरा वर्षं, ते निवृत्त होईपर्यंत, मी लिहिलेली प्रत्येक ओळ त्यांनी माझ्याकडून वाचून घेतली. एक दिवसही चुकवला नाही.