नागोजीरावांच्या खोळी

नागोजीरावांकडे माझं पहिल्यांदा नीट लक्ष गेलं ते त्यांनी माझा ब्लाउज दोन बोटांच्या चिमटीत धरून परत केला तेव्हा. मापाला दिला होता. म्हणाले, "टीचर, घामट कपडा मशिनीवर नको. धुवून आणा." राग आला, पण शिवण इतकी नेटकी, की नंतर मी दुसऱ्या शिंप्याकडे गेले नाही.

बायको वारल्यावर ते दुकानामागच्या दोन खोल्यांत एकटेच राहत. यंदा त्यांची लेक पूजिता पहिलटकरीण. बाळंतपण माहेरीच व्हावं, एवढी एकच आस त्यांना होती. पूजिताचं सासर एच. डी. कोटे गावचं; तिथल्या विहीणबाई मात्र म्हणाल्या, "घरात बाईमाणूस नाही. काय अवस्था असेल, देव जाणे!"

हे त्यांना झोंबलं. कपाटातून पूजिताचा कॉलेजातला डिजिटल कॅमेरा त्यांनी शोधून काढला, नवे सेल घातले आणि घराचे फोटो काढून कार्ड माझ्याकडे आणलं. "तुमच्या लॅपटॉपवरून धाडा टीचर. बघू दे त्यांना, कसं ठेवलंय ते."

त्यांच्या घरात सगळ्याला खोळी. सिलिंडरला, मिक्सरला, फळीला झालर. सगळ्या उरलेल्या कापडांच्या. दुकानातून डोकावताना मीही कौतुकच केलं होतं. पण फ्लॅश झालरीखाली पोचला होता. फोटो मोठा केला तर भिंतीवर तेलाचे काळे ओघळ, त्यात चिकटलेली झुरळं. मिक्सरच्या खोळीवर उंदराच्या लेंड्या. मोरीच्या पडद्याची कड हिरवी, बुळबुळीत.

"छी! हे कुणाचं घर?" नागोजीरावांनी विचारलं.

"तुमचंच. खोळी धूत नाही का हो?"

"मळली की वरून नवी घालतो."

"आणि खालची?"

ते उठून चपला घालू लागले.

आम्ही दोघं तशीच त्यांच्या घरी गेलो. सिलिंडरवरून त्यांनी खोळीमागून खोळ उतरवली. सगळ्यात आतली चामड्यासारखी कडक झालेली, सोलावीच लागली. तळाशी कुबट लगदा, त्यात अळ्या वळवळत होत्या. नागोजीराव मोरीकडे धावले आणि भडभडून ओकले.

"अय्यो! इथं बाळ आणणार होतो मी? थू!"

"बाई लावून घासून घेऊ," मी म्हटलं.

"साकु, पुरे झालं, टीचर. घासलं तरी मलाच किळस येणार. पोरीला कुठं निजवू?"

तिथूनच त्यांनी फोन लावला. "पूजी, तू तिथंच राहा. सासूबाईंचं खरं आहे. घर घाण आहे. फोटोत बघितलं मी."

"अप्पा, तो कॅमेरा अजून चालतो?"

"चालतो की. चालला नसता तर बरं होतं."

पूजिताला मुलगी झाली, सासरीच. ती आता बसायला लागली आहे. नागोजीराव दर रविवारी सकाळी एच. डी. कोट्याची बस धरतात, नातीजवळ दुपारभर थांबतात आणि संध्याकाळी परत येतात.