बिनड्रायव्हरची मेट्रो आणि भाबीचं मिरज

आमच्या गावात मेट्रो येणार हे मला पहिल्यांदा कळलं ते फ्लेक्सवरून. सांगलीत काहीही आधी फ्लेक्सवर येतं, मग जमलं तर खरं येतं. चौकात हा एवढा मोठा फ्लेक्स, त्यावर निळी-पांढरी गाडी, वर हात जोडलेल्या माणसांची रांग आणि खाली हिरवीगार झाडं. ती झाडं कुठली म्हणून मी चष्मा पुसून पुसून बघितलं. आमच्या रस्त्याला असली झाडं कधी नव्हती. म्हटलं, मेट्रोबरोबर तीही डब्यात बसून येणार असतील.

सांगली ते मिरज मेट्रो, आणि तीसुद्धा बिनड्रायव्हरची! आता सांगली-मिरजेत अंतर ते किती? आमचे सासरे सायकलवर पोत्यांची थप्पी लादून मिरजेला जायचे आणि जेवायला घरी असायचे. पण एवढ्याशा अंतराला आता खांबावरनं, हवेतनं, आपोआप पळणारी गाडी लागणार होती. आमचे हे फ्लेक्स बघून आले आणि म्हणाले, "ड्रायव्हर न्हाई तर हॉर्न कोण वाजवणार?" प्रश्न बरोबर होता. सांगलीतला माणूस गाडी ब्रेकवर चालवत नाही, हॉर्नवर चालवतो.

आमचं दुकान मार्केट यार्डात आहे, रिकाम्या पोत्यांचं. हळद म्हणा, शेंगा म्हणा, यार्डात जे येतं ते कधी ना कधी आमच्या पोत्यात जातं. दुपारी मी दुकानात बसते, त्यामुळे गावातली कुठलीही बातमी माझ्यावरनं गेल्याशिवाय पुढं जात नाही. फ्लेक्सनंतर थोड्या दिवसांनी तीन पायांची दुर्बीण घेऊन पोरं आली. त्यांनी झाडांवर, भिंतींवर, कट्ट्यांवर लाल रंगानं खुणा केल्या. ज्याच्या भिंतीवर खूण पडली तो लगेच छाती काढून हिंडायला लागला, "आमचं घर मेट्रोच्या लायनीत हाय." ते घर पडणार का राहणार, ते कुणी विचारलं नाही. आणि एकाच्या भिंतीवर खूण नव्हती, त्यानं स्वतःच लाल रंगाचा डबा आणून खूण काढून घेतली. शेजाऱ्यांपुढं कमी पडायला नको ना!

हे सगळं बघून मी पोट धरून हसत होते. पण घरात एक माणूस होतं, ते हसत नव्हतं. ती माझी थोरली जाऊ, आमची भाबी.

भाबीच्या किडन्यांनी संप केल्याला बरेच दिवस झाले. आठवड्यातनं तीनदा तिला डायलिसिसला मिरजेला जावं लागतं. दुखणं घेऊन कुठकुठनं लोक मिरजेला येतात, आमच्या तर ते उंबऱ्यालाच आहे. भाबी सिटी बसनं एकटी जायची. पिशवीत स्वेटर, कारण मशिनीवर थंडी वाजते. बिस्किटाचा पुडा. आणि पान खायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं, म्हणून एकच पान. तिथं शेजारच्या पलंगावर पलूसची एक बाई असते, द्राक्षबागवाली. त्या दोघी टीव्हीच्या सिरीयलवरनं एकमेकींशी भांडत बसतात आणि सुई टोचलेली विसरतात. जन्मभर भाबीला कुणीतरी घेऊन गेलं आणि कुणीतरी परत आणलं. आता म्हातारपणी, दुखण्याच्या निमित्तानं का होईना, ती स्वतःची स्वतः जात होती, आणि त्याचा तिला तोरा होता.

घोटाळा बसच्या पहिल्या, उंच पायरीचा होता; आतल्या बुटक्या, त्या तिला जमायच्या. गुडघे वर जाईनात. कंडक्टर वरनं दोन्ही हात धरून ओढायचा, खालनं जो कोण असेल तो लोटायचा. "घ्या घ्या, वर घ्या आजीला!" हळदीचं पोतं ट्रकात जातं तशी भाबी बसमध्ये जायची. एकदा ती घरी येऊन म्हणाली, "पोत्याला तरी हमाल लोखंडी आकडा जागा बघून लावतो गं." (घरात आम्ही आमच्या मुसलमानी बोलीत बोलतो. वाचणाऱ्याला कळावं म्हणून मराठीत लिहिते आहे. तोंडातला तिखटपणा तेवढाच धरावा.)

मग एक दिवस तिचा पाय पायरीवरनं सटकला आणि नडगी सोलून निघाली. पुण्याहून तिच्या लेकाचा फोन आला. पोरगा चांगला आहे, आईवर जीव आहे. म्हणाला, "अम्मी, हिकडं सोसायटीच्या खालीच डायलिसिस सेंटर हाय. लिफ्टनं खाली, लिफ्टनं वर. ईद झाली की मी न्यायला येतो." भाबी मागं महिनाभर पुण्याला राहून आली होती. मी विचारलं होतं, कसं आहे तिथं? तर म्हणाली, "खिडकीतनं समोरच्याची खिडकी दिसती. त्यो बी पडदा लावून बसलेला असतो." तिला पुणं नको होतं. आणि मला ती पुण्याला नको होती, ते मी कुणाला बोलले नाही.

असं सगळं असताना मेट्रोचं प्रदर्शन भरलं. मैदानात खरोखरचा डबा आणून ठेवला. रूळ नाहीत, खांब नाहीत, तारा नाहीत, नुसता एक डबा. नवरी आधी येऊन बसली होती, मांडवाचा पत्ता नव्हता. दारं आपोआप उघडायची, आपोआप मिटायची, आणि आतनं एक बाई पुस्तकी मराठीत सांगायची, "कृपया दारांपासून दूर उभे राहावे." दारापासून लांब राहून आत कसं जायचं, ते तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही.

अख्खी सांगली लोटली होती. मी भाबीला रिक्षात घालून नेलं. एक गृहस्थ हार-नारळ घेऊन आलेले. नवी गाडी म्हणजे पूजा पाहिजे. पण गाडीचं तोंड कुठलं? दोन्ही टोकं सारखीच, बॉनेट नाही, ड्रायव्हरची केबिन नाही. त्यांनी डब्याला दोन फेऱ्या मारल्या, शेवटी पळत जाऊन दुसरा नारळ आणला आणि दोन्ही टोकांना एकेक फोडला. कुणी आत सीटवर रुमाल टाकून जागा धरली. डबा कुठंच जाणार नव्हता, तरी धरली. एक म्हातारा त्या बोलणाऱ्या बाईला वर बघून विचारत होता, "आवं, विश्रामबागला थांबती का?" बाई म्हणाली, दारांपासून दूर उभे राहावे. म्हातारा म्हणाला, "हिच्यापरास आमचा कंडक्टर बरा. शिव्या देतो, पण सांगतो तरी."

तिथं गळ्यात पट्टा घातलेला एक इंजिनियर होता, कोवळाच. मी त्याला गाठलं. "काय रं बाळा, म्हातारं माणूस पळत येतंय, हात करतंय, तर ही थांबणार का?"

"नाही मावशी. ती कुणासाठीच थांबत नाही. तीच तर तिची खासियत आहे."

"मग यात नवीन काय? एसटी बी थांबत न्हाई की!"

लोक हसले, पोरगं बिचारं लाल झालं. मी आणखी चार टोले तयार ठेवले होते, तेवढ्यात बघते तर भाबी माझ्या शेजारी नाही.

डब्याला लागून त्यांनी लोखंडी पाइपांचं आणि फळ्यांचं एक फलाट केलं होतं. एका बाजूनं उतार, चाकांच्या खुर्चीवाल्यांसाठी. भाबी त्या उतारावरनं सावकाश वर गेली आणि चालत डब्यात शिरली. कुणी ओढलं नाही, कुणी लोटलं नाही. फळी आणि डब्याची जमीन एकसारखी. ती आत गेली, वळली, बाहेर आली. परत आत गेली. परत बाहेर. मागं रांग तुंबली.

"आजी, झालं का बसून? दुसऱ्यास्नी बसू द्या की!"

"मी बसलेच न्हाई अजून," भाबी म्हणाली, आणि परत आत गेली.

माझे टोले तोंडातच राहिले. तिचा चेहरा बघून मीच त्या पोराला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "खरं सांग, कवा सुरू हुनार?" त्यानं मंजुरी, आराखडा, पहिला टप्पा, दुसरा टप्पा असं बरंच काही सांगितलं. मी म्हटलं, टप्पे राहू देत, साल सांग. तो म्हणाला, "सगळं सुरळीत झालं तर आठ-दहा वर्षं, मावशी." भाबी माझ्या मागंच उभी होती. परत येताना रिक्षात तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, "धा वर्सं. बरं." एवढंच.

प्रदर्शन संपलं. एक लांबलचक ट्रेलर आला आणि डबा घेऊन दुसऱ्या कुठल्यातरी गावाला आशा दाखवायला गेला. फलाट मात्र तिथंच राहिलं. ते उचलायचा हुकूम कुणालाच नव्हता. बातमी माझ्याकडं दुकानात आली आणि मी ती घरी जेवताना सांगितली, हसू यावं म्हणून. भाबीनं हातातला घास ताटात ठेवला.

"डबा जाऊ दे गं. फलाट तिथंच हाय न्हवं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मैदानावर. वाचमन वैतागलेला. त्या फळ्यांवर पत्ते खेळणारे बसायचे आणि पिचकाऱ्या मारायचे. "न्ह्या बाई, न्ह्या एकदाचं," तो म्हणाला, "माझ्या डोक्याचा ताप तरी जाईल." यार्डातले हमाल आमच्या घरचेच. त्यांनी हातगाड्यांवर घालून फलाट आणलं आणि यार्डासमोरच्या बस थांब्यावर मांडलं. फलाटाच्या बाजूच्या पत्र्यावर मेट्रोचं निळं-पांढरं चित्र तसंच होतं. यांनी डोक्याला हात लावला. "दोघी आत जाशीला," म्हणाले. पण गेले आणि वेल्डरला तेच बोलावून घेऊन आले, कारण फलाट बसच्या पायरीपेक्षा बरंच उंच होतं. वेल्डरनं पाय कापले, परत मांडलं, परत कापले. शेवटी फळी आणि पहिली पायरी अशी जुळली की मधनं नुसता वारा जाईल.

आता ड्रायव्हरांना शिकवणं आलं. ते सवयीनं रस्त्याच्या मधोमध थांबायचे. भाबी फलाटावरनं ओरडायची, "आवं, जवळ घ्या की! हितं काय वाघ बांधलाय?" घेतली. दोन-चार दिवसांत हात बसला. कंडक्टर तर खुशीतच आले, त्यांचे ओढणारे हात सुटले ना! थांबा आला की घंटी मारून ओरडायचे, "चला, मेट्रो स्टेशन! मेट्रो स्टेशनवाले उतरा!" बाळंतिणी, पाय मोडलेले, गुडघेवाले, सगळे लांबनं चालत येऊन तिथंच चढायला लागले.

ईद झाली. शिरखुर्मा संपला आणि लेक गाडी घेऊन दारात आला. त्यानं बॅगही नवी आणली होती, चाकांची. भाबी म्हणाली, "आज मिरजेची पाळी हाय. ती करून येते, मग बोलू." तो म्हणाला, मी गाडीनं सोडतो. ती म्हणाली, "तू नुसता थांब्यापर्यंत ये."

आम्ही तिघं थांब्यावर गेलो, तर बघतो काय! महापालिकेचा अतिक्रमण उचलणारा ट्रक येऊन उभा होता. साहेब खाली उतरून फलाटाभोवती हिंडत होते. भाबी उतारावरनं वर गेली आणि पिशवी धरून उभी राहिली.

"आजी, खाली या. हे उचलायचंय. कुणी ठेवलं हे रस्त्यात?"

मी कबूल करायला तोंड उघडलं, त्याच्या आत भाबी म्हणाली, "मेट्रोचं हाय."

"मेट्रोचं?"

"आवं, चित्र बघा की. आमी काय चित्रं काढतो व्हय?"

साहेबांनी वाकून चित्र बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी फोन लावला. "सर, मेट्रोचं आहे म्हणतात… हो, त्यांचंच चिन्ह आहे… नाही सर, आपल्याकडे पत्र नाही… हात लावू नको? बरं. पण कुणी धडकलं तर?… बरं, बरं." फोन खिशात ठेवून ते ट्रकातल्या माणसांना म्हणाले, "कडेला पिवळा पट्टा मारा. उद्या अपघात झाला तर आपल्या अंगावर नको." आणि माणसांनी ट्रकातनं रंगाचा डबा काढून, ज्याला उचलायला आले होते त्याला छान पट्टा मारून दिला.

बस आली, जवळ लागली. भाबीनं एक पाऊल टाकलं आणि आत गेली. दांडीलासुद्धा हात लावला नाही. खिडकीत बसून लेकाला म्हणाली, "ती बॅग चांगली हाय. ठिवून जा, पांघरुणं ऱ्हातील तिच्यात." कंडक्टरनं घंटी मारली.

पोरगा बसच्या मागं बघत राहिला. मग मटकन फलाटाच्या कडेला बसला. "अरं अरं!" म्हणेपर्यंत झालंच. संध्याकाळी तो पुण्याला एकटाच निघाला, ऑफिसच्या चांगल्या पँटीवर मागनं आडवा पिवळा पट्टा घेऊन, आणि भाबी दारात उभी राहून त्याला सांगत होती, "रॉकेल लाव, निघंल."