जाड तेल आणि माझी सोयरीक

सर्व सुज्ञ जनांस, आणि विशेषतः ज्यांच्या घरी लग्नाची मुलगी आहे अशा मंडळींस, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की मोटारीच्या गिअरपेटीत कोणते तेल घातले आहे याची नीट चौकशी केल्याशिवाय कोणत्याही ड्रायव्हरला मुलगी देऊ नये. पत्रिका नंतर पाहिली तरी चालेल. हा इशारा मी ऐकीव माहितीवरून देत नाही. तो ड्रायव्हर मीच होतो.

आता धुळ्यात मोटारींचं कुणाला कौतुक उरलेलं नाही, पण मी सांगतो आहे तेव्हा आग्रा रोडने शिरपूरच्या बाजूला उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारी एका हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच होत्या. त्यातली एक आबांची. आबा म्हणजे आमचे मालक. जन्म बैलांमागे गेलेला माणूस. उतारवयात कुठूनशी एक जुनी लॉरी घेतली आणि तिच्यावर गावच्या सुताराकडून लाकडी सांगाडा चढवून घेतला. सुताराने आयुष्यात बैलगाड्यांखेरीज काही केलेलं नव्हतं, त्यामुळे आमची मोटार पुढून मोटार आणि मागून वरातीचं गाडं दिसायची. आबांची त्याला काही हरकत नव्हती. पोळ्याच्या दिवशी ते तिला धुऊन गेरूचे पट्टे ओढत आणि पुरणपोळीचा घास तिच्या नाकापुढे धरत. घास मग मी खात असे. माझ्या नोकरीतल्या अनेक सुखांपैकी ते एक.

मी चोवीस वर्षांचा होतो. अंगात खाकी कोट, गळ्यात मफलर, आणि डोक्यात असं भरलेलं की परमेश्वराने मोटार निर्माण केली ती मी चालवावी म्हणूनच.

ती दिवाळीनंतरची गोष्ट. गिअरपेटीतलं तेल बदलायचं होतं. ड्रायव्हरच्या पायाशी, फळीखाली एक लोखंडी पेटी असते; तिच्यात दातेरी चाकं असतात, ती तेलात बुडालेली असतात, आणि वरचा दांडा हलवला की हे चाक सोडून ते चाक धरलं जातं. एवढंच. पण प्रवाशांना हे सांगताना मी अर्धा तास घेत असे.

तेल आणायला आबांनी मला पाठवलं. दुकानदाराने दोन डबे पुढे ठेवले आणि म्हणाला, "हे पातळ, थंडीसाठी. हे जाड, ते उन्हाळ्यात घाला. आता पातळच न्या."

दुकानात आणखी दोन ड्रायव्हर उभे होते. त्यांच्यादेखत एका दुकानदाराने मला शिकवावं? मी बाही मागे सारली, जाड तेलात बोट बुडवलं, अंगठा टेकवला आणि दोन्ही हळूच दूर केले. आमच्या घरी गुऱ्हाळ होतं. काकवी उकळायला लागली की गुळव्या असाच थेंब बोटावर घेऊन तार बघतो. तार तुटली नाही की कढई उतरवायची. मी लहानपणापासून ते पाहत आलो होतो. जाड तेलाची तार निघाली, लांबली, वाऱ्यावर झुलली, पण तुटली नाही. पातळ तेलाची तार निघालीच नाही.

"हे पातळ म्हणजे कच्चं आहे," मी निकाल दिला. "पक्कं तेल द्या."

दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं की त्या नजरेचा अर्थ मला पुढे दोन महिन्यांनी कळला. आबांना मी सांगितलं, "दुकानात एकच होतं."

मार्गशीर्ष कसाबसा निभला. पौष लागला आणि खानदेशातली ती कोरडी, हाडात शिरणारी थंडी पडली. खोबरेल तेल बाटलीत दगड होऊन बसलं. आमच्या गिअरपेटीत काय झालं असेल ते सांगायला नको. पहाटे हँडल मारून इंजिन सुरू व्हायचं, पण गिअरचा दांडा हलायचा नाही. दोन्ही हातांनी ओढला तर पेटीतून असा कर्कश आवाज यायचा की स्टँडवरची कुत्री उठून दुसरीकडे जाऊन झोपायची. पहिला गिअर पडला तर दुसरा पडायचा नाही. दुसऱ्यासाठी मैलभर वाट पाहायची. ऊन वर आलं, तेल तापलं, की मग दांडा लोण्यातून फिरावा तसा फिरायचा. म्हणजे दुपारी मी पुन्हा उत्तम ड्रायव्हर व्हायचो.

खरं सांगून तेल बदलणं सोपं होतं. पण मग "दुकानात एकच होतं" याचं काय करायचं?

आबांना वाटलं, पोराच्या हातात जोर राहिला नाही. त्यांनी घरून मेथीचे लाडू पाठवायला सुरुवात केली. रोज पहाटे दोन. मी खात असताना शेजारी बसायचे आणि माझा दंड चाचपून विचारायचे, "आज बसना का रे गिअर?" मी मान हलवायचो. लाडवांत मेथी जास्त होती की माझं खोटं, कोण जाणे. घशाखाली कडूच उतरायचे.

अशात माझी सोयरीक निघाली. मुलीचे वडील सोनगीरच्या पलीकडे एका गावात शेती करणारे. सगळे त्यांना नाना म्हणत. माणूस फार कमी बोलणारा, ती कसर त्यांच्या थोरल्या बहिणीने, अक्काने, भरून काढलेली. घरात शेवटचा शब्द अक्काचा. आणि अक्काचं म्हणणं होतं की मोटार चालवणारा म्हणजे वाऱ्यावरचा माणूस. आज आहे, उद्या नाही. आबांनीच मध्यस्थी केली. "कापूस विकायला धुळ्याला येताच आहात," त्यांनी निरोप धाडला, "तर परत जाताना आमच्या गाडीने चला. पोराचा हात बघा, मग ठरवा."

पोराचा हात! मला चार दिवस जेवण गेलं नाही. मुलगी मी एकदा जत्रेत दुरून पाहिली होती. ती पाळण्यात न बसता पाळणा कसा फिरतो हे खाली वाकून बघत होती. त्या एवढ्याशा गोष्टीवर मी पुढचं सगळं आयुष्य रचून टाकलं होतं.

ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत मी स्टँडवर हजर. बाजूच्या भट्टीतून घमेलंभर निखारे आणले, बरोबर गिअरपेटीखाली सरकवले आणि तेल तापेपर्यंत पलीकडे तोंड धुऊन, भांग पाडून आलो. केवढी योजना! परत येतो तो काय, नाना आणि अक्का एका पेटाऱ्यावर बसलेले, त्यांच्यामध्ये माझं घमेलं, आणि दोघं त्यावर हात शेकत होती. आबा प्रसन्न मुद्रेने उभे.

"आबा, ते घमेलं..."

"पाव्हना गारठी ग्यात," आबा म्हणाले. "नि तू इस्तो गाडीखाले ठेवी दिन्हा! गाडी काय शेकस का येड्या?"

निखारे केव्हापासून बाहेर होते हे विचारायचं धैर्य मला झालं नाही. पेटीवर हात ठेवून पाहिला. बर्फ.

मोटार भरली. मागे एक तांबट हंडे घेऊन चढला होता. पुढच्या बाकावर मी, मध्ये आबा, कडेला नाना. आणि नेमकी माझ्या पाठीमागे अक्का, तिच्या-माझ्यात फक्त एक लाकडी दांडी. हँडल मारलं, इंजिन धडधडू लागलं. मी क्लच दाबला, दांडा धरला, कुलदैवताचं नाव घेतलं आणि ओढला. खर्रर्र! पुन्हा ओढला. खर्रर्रर्र! तांबटाचे हंडे थरथरून वाजायला लागले.

"काय कापी ऱ्हायना रे हाऊ?" मागून अक्काने चौकशी केली.

मी उभा राहिलो. उजवा पाय फळीला टेकवला, दोन्ही हातांनी दांडा छातीशी धरला आणि पुंडलिकासारखा निश्चल... नाही, खोटं कशाला बोलू, बैलासारखा हुंकार देऊन ओढला. खाट! बसला! मी विजयी चेहऱ्याने खाली बसून क्लच सोडला आणि मोटार अत्यंत डौलात मागे गेली.

पहिल्या गिअरशेजारी उलटा गिअर असतो. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत हे घडलं असतं तर मी आठवडाभर हसलो असतो. आम्ही हळूहळू मागे सरकत कापसाच्या गठ्ठ्यांना टेकलो आणि थांबलो. कुणाला खरचटलंही नाही.

"नाना," अक्काचा आवाज आला, "आपलं गाव त तिकडे शे ना रे?"

सगळी मोटार हसली. नाना हसले नाहीत, हे जास्त वाईट होतं.

शेवटी पहिला गिअर सापडला आणि आम्ही निघालो. पण दुसरा पडेना. इंजिन बोंबलतंय, मोटार रांगतेय, थंडीने डोळ्यांतून पाणी वाहतंय. मागून एक दमणी आली. झुली घातलेले दोन गोंडस बैल, आत कुणीतरी शेटजी शाल पांघरून. ती बाजूने पुढे निघून गेली. शेटजींनी जाता जाता आमच्याकडे दयेने पाहिलं.

"ओ ड्रायव्हर," अक्का म्हणाली, "त्या दमनीवालाले इचार ना, दोन जन बसाडस का?"

त्यावर नानांनी त्या दिवसातलं पहिलं वाक्य उच्चारलं. माझ्याकडे न पाहता, इंजिनाच्या वर आवाज काढून, त्यांनी आबांना विचारलं, "हाई रोजच असं शे का?"

माझी सोयरीक त्या प्रश्नावर टांगलेली होती. आणि आबांनी, रोज पहाटे मला मेथीचे लाडू चारणाऱ्या त्या भल्या माणसाने, क्षणाचाही विचार न करता सांगितलं:

"पोऱ्याना दोष नही नाना. तेल खराब शे. मीच आनं. तो बिचारा नको म्हने, पन मी ऐकं नही."

म्हणजे त्यांना कळलं होतं! केव्हा, कसं, देव जाणे. दुकानदार बोलला असेल. कळूनही लाडू चालूच होते. आणि आता ते पाव्हण्यांसमोर, स्वतःच्या मोटारीत, स्वतःला मूर्ख ठरवून घेत होते. मी गप्प बसलो असतो तर सगळं निभावलं असतं. नानांच्या कपाळावरची आठी सैल होताना मला दिसत होती.

पाव्हण्यांसमोर शुद्ध, पुस्तकी बोलायचं आणि थोडंच बोलायचं, असं मी ठरवलं होतं. पण तोंड उघडलं आणि थांबेनाच. पहिल्या गिअरच्या त्या बोंबेत कुजबुजणं शक्य नव्हतं. कबुली द्यायची तर ओरडूनच. मी ओरडत सुटलो. "नाही नाना! तेल मी आणलं! दुकानदार पातळ घे म्हणत होता! मी बोटावर तार पाहिली! गुळाची पाहतात तशी! दोन ड्रायव्हर बघत होते म्हणून मी जाड घेतलं!" एकीकडे हात सवयीने काम करत होते. एवढ्यात तेल तापलं असावं. दुसरा गिअर पडला, मला कळलंही नाही. "दुकानात एकच होतं असं सांगितलं! लाडू खाल्ले!" तिसरा पडला, मग चौथा. इंजिनाचा आवाज एकदम उतरला, मोटार झुळझुळ धावू लागली, आणि त्या शांततेत माझं शेवटचं वाक्य देवळातल्या घंटेसारखं घणघणलं:

"आणि दोन महिने आबांशी खोटं बोललो!"

मागे कुणी खोकलं. तांबटाने उगाचच हंडा सरळ केला. आबा समोरच्या रस्त्याकडे बघत बसले, पण त्यांचा हात माझ्या दंडावर आला आणि त्यांनी तो नेहमीसारखा एकदा चाचपला. सोनगीरचा किल्ला दिसू लागला होता. दहा मिनिटांत पाव्हणे उतरणार होते.

"थंडीमा गाडाना आखले वंगन कसं लावतस?" नानांनी विचारलं.

"एरंडेलात थोडं तिळाचं तेल घालून," मी म्हणालो. "पातळ करून."

"मंग?"

मंग काय? लहानपणापासून गुऱ्हाळावरच्या उसाच्या गाड्याला तेच लावत आलो होतो. मोटार म्हटल्यावर आपण गाडीवान होतो हेच विसरलो. मी तसं सांगितलं. आज संध्याकाळीच पेटी रिकामी करतो, केरोसीनने धुतो, पातळ तेल भरतो, जाड डबा चैत्रासाठी झाकून ठेवतो, असंही सांगितलं. चैत्रात जाड का लागतं, ऊन झाल्यावर पातळ तेल दात्यांवर का टिकत नाही, हेही सांगितलं. नाना प्रत्येक वाक्याला मान हलवत होते, म्हणून मी आणखी सांगत गेलो. क्लच कसा दोनदा दाबावा इथपर्यंत पोचलो होतो.

गावाचा फाटा आला. मी मोटार थांबवली. जराही आवाज न होता. नाना उतरले. अक्का उतरायला उठली, पायरीवर पाऊल ठेवलं, आणि तिथेच थबकली. लाकडी दांडी धरून ती वाकली, माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं, आणि सगळ्या मोटारीला ऐकू जाईल अशा आवाजात उसळून म्हणाली, "येडा, मघापासून तेलनंच सांगी ऱ्हायना! आमनी पोरनं नाव त इचार!"