सुपातली मुंबई

घरी कोणी मुंबईहून किंवा पुण्याहून आलं, की हातात पाण्याचा तांब्या देण्याआधी आत्या विचारायची, "तिकडं वांगी कशी?" पाहुणा प्रवासाने दमलेला असे, कधी तर मयताला आलेला असे. आत्याला त्याचं काही नव्हतं. वांगी झाली की दूध, मग रॉकेल, मग खोलीचं भाडं. स्वतः ती या दोन्ही शहरांत कधी गेली नव्हती. तिचं सासर पुणतांब्याचं. स्टेशनवरून मनमाडकडे जाणारी माणसं मुंबईची आणि दौंडकडे जाणारी पुण्याची, एवढाच तिचा या शहरांशी संबंध.

तिचा नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला. माझी आई वारल्यावर ती श्रीरामपूरजवळच्या साखर कारखान्याच्या कॉलनीत आमच्याकडे राहायला आली. माझे वडील तिथे केमिस्ट होते. आम्ही त्यांना दादा म्हणत असू, आणि ती बाळू. कारखान्यात दादांना माणसं घाबरत. घरात मात्र ते "अक्का म्हणेल तसं" म्हणून वर्तमानपत्र उघडत.

मी नगरला इंग्रजी शाळेत, वसतिगृहात राहून शिकलेली. आधीच मला चारचौघांत बोलता येत नसे, त्यात रागातली वाक्यं नेमकी इंग्रजीतच सुचत. ती मनात मराठीत आणेपर्यंत आत्या वांग्यांवरून रॉकेलवर गेलेली असे.

बी. ए. झाल्यावर, बहात्तरच्या मोठ्या दुष्काळात, मला दोन स्थळं एकदमच सांगून आली. एक मुंबईचं, एक पुण्याचं. दादा म्हणाले, "अक्का, तूच ठरव." मला दोन्ही नको होती. माझी वसतिगृहातली मैत्रीण मुंबईला एका विम्याच्या कचेरीत होती. तिने साहेबांना सांगून तिथे माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती, फार तर महिनाअखेरपर्यंत. हे घरात सांगायला मी रोज सकाळी उठत होते आणि रोज रात्री तशीच झोपत होते.

आत्या मुलांविषयी चकार शब्द काढत नव्हती. तिचं चाललं होतं ते निराळंच.

"मुंबईत खोलीला पगडी मागत्यात. पर थंडी न्हाई, म्हंजे रजई न्हाई."

"पुन्यात सायकलीवर भागतं. पर पुनं लई जवळ. जवळ म्हंजे पाव्हने."

"मुंबईला पाव्हना ऱ्हात न्हाई. झोपंल कुठं? ह्ये लई स्वस्त पडतं."

पुण्याचा मुलगा मला बघायला आला तेव्हा मी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर गेले. माझं नाव, शिक्षण कोणी विचारायच्या आत आत्याने त्याच्या आईला गाठलं.

"दूध रतिबाचं, का डेअरीचं?"

"रतिबाचं," त्या गोंधळून म्हणाल्या.

"पानी घालतो का गवळी?"

मुलगा माझ्याकडे बघून हसला. बरा होता. मला त्याचाही राग आला. ते गेल्यावर दादांनी विचारलं, "कसा वाटला, अक्का?"

"उंच हाय," आत्या म्हणाली. "उंच मानसाला कापड जास्ती लागतं."

मी आत जाऊन बश्या इतक्या आपटून घासल्या की एकीचा कपचा उडाला. आत्या बाहेरून म्हणाली, "बेबे, हळू. बशी काय फुकट येती?"

शेवटी एका रविवारी सकाळी ती रेशनची लाल मिलो ज्वारी निवडायला बसली. तिला लिहिता येत नव्हतं. तिचा हिशेब दाण्यांचा. सुपात एका अंगाला मुंबई, दुसऱ्या अंगाला पुणं. भाड्याची मूठ, दुधाची चिमूट, पाव्हण्यांची ओंजळ. एखादा दाणा इकडून तिकडे सरकवायची, पुन्हा मागे आणायची. मी दारात उभी राहून बघत होते. माझा संसार तिथे किड्यांसकट निवडला जात होता.

"पुनं," ती एकदाची म्हणाली. "बाळू, त्यांना पत्र टाक. ठरलं म्हनावं."

दादा उठून पेन शोधू लागले. आता गप्प राहिले तर कायमचीच, हे मला कळत होतं.

"मला पुण्याला जायचं नाही," मी म्हणाले.

"मंग मुंबई?" आत्याने वर न बघता विचारलं.

"मुंबईच. पण लग्न करून नाही. मला तिथे नोकरी मिळते आहे."

दादा पेन हातात धरून उभेच राहिले. मी रडारडीची, ओरड्याची तयारी ठेवली होती. आत्या म्हणाली, "पगार किती?"

मी सांगितला.

"ऱ्हाशील कुठं?"

"नोकरी करणाऱ्या मुलींच्या वसतिगृहात. जेवण त्यातच."

"जेवनात भाजी कसली?"

"आत्या!"

"बरं, ऱ्हाऊ दे."

तिने पुण्याचा ढीग मोडून बाजूला लोटला. मग मुंबईच्या ढिगातून एकेक मूठ उचलू लागली. "हे त्याचं खानं. हे त्याचं कापड. ही पगडी. ही त्याची आई, हे तिचे पाव्हने." सुपात जेमतेम ओंजळभर दाणे उरले. समोर तिने माझ्या पगाराचा ढीग घातला आणि बराच वेळ दोन्हींकडे बघत राहिली.

"आमच्या वक्ताला आसं कुनी मांडूनच दावलं न्हाई," ती म्हणाली.

आणि सुपातला एक खडा वेचून अंगणात भिरकावला.

"बाळू, नवरा वगळला तर मुंबई परवडती. जाऊ दे तिला."

"अगं अक्का, आणि लग्न?"

"मी कुठं नको म्हनते? पर ह्या महागाईत कशाला? भाव उतरल्यावर बगू."

मी सुटले होते, तरी मला तिचा संतापच आला. माझ्या मनात काय आहे, हे तिने विचारलंच नव्हतं. नंतरही कधी विचारलं नाही. पुढे मी सुटीत घरी आले की दादा हळूच लग्नाचा विषय काढून बघत. "उतरले का भाव?" ती त्यांनाच उलट विचारी. दादा पुन्हा वर्तमानपत्र उघडत.

आत्या गेली, त्या वर्षीही भाव उतरले नव्हते.