मर्यादा हवीच

आखातातल्या रास लफानला कामावर जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसणारे नाशिकचे गृहस्थ रोज वाद घालतात. "देशाने निर्वासित किती घ्यायचे, याला मर्यादा हवी. खलास!" म्हणत ते मांडीवर थाप मारतात. तुम्हीही वीस वर्षं परदेशातच आहात, असं कुणी सुनावलं की म्हणतात, "मी कामाला आलोय, राहायला नाही."

गेल्या महिन्यात त्यांच्या सुदानी शेजाऱ्याकडे युद्धातून निसटलेले तीन भाऊ येऊन थडकले. त्या घरात आधीच पाय ठेवायला जागा नव्हती. यांनी दार वाजवलं आणि तिघांच्या पिशव्या उचलून आपल्या घरी नेल्या.

"आणि मर्यादेचं काय?" मी बसमध्ये विचारलं.

"आहे की!" ते हसले. "चौथा आला तर तुमच्याकडे पाठवतो."