अर्ध्या घंट्याची बांधाबांध

कुठंही जायचं म्हटलं की माझ्या आईला घर बांधून न्यायची सवय होती. दुसरबीडच्या सडकेवरून मोटारींची शर्यत जाणार, अशी बातमी एसटीच्या कंडक्टरनं आणली आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या ओसरीत सामानाचा ढीग पडायला लागला. महाराष्ट्र होऊन दोन-चार वर्षं झाली होती. मी चिखलीला मामाकडं राहून मॅट्रिकच्या वर्गात शिकत होते, आणि सुटीत घरी आलं की सगळ्यांना अडाणी समजायचं माझं वय होतं.

मोटारी नागपूरकडून येणार आणि जालन्यावरून मुंबईला जाणार. शनिवारी येतील नाही तर रविवारी, एवढंच कंडक्टरला ठाऊक होतं. आमचं गाव सडकेपासून चार कोस आत, म्हणजे बैलगाडीनं जाऊन दोन दिवस मुक्काम. आमच्याकडं शर्यत म्हणजे शंकरपट, बैलजोड्यांची. तिला जाताना नेतात तेच सगळं आईनं काढलं. दुधात मळलेल्या पिठाच्या दशम्या, जवसाची चटणी, ठेचा, पाण्याची छागल, घोंगड्या, कंदील, बैलांना कडबा. वर नारळ आणि कुंकवाचा करंडा, पहिल्या आलेल्या मोटारीला ओवाळायला.

"शर्यत पाहाले चाललो का बिऱ्हाड हलवाले?" वडील म्हणाले. पण त्यांनी स्वतः पेटीतून कोरा तांबडा फेटा काढून काखेत मारला होता. जिंकणाऱ्याच्या डोक्याला बांधायचा म्हणून.

"बाबा, ते लोक इथं थांबणार नाहीत," मी शहाणपणा केला.

"जिंकलेला माणूस फेटा घ्याले थांबत नाही, असं कुठं असते काय?"

मी मॅट्रिकचं पुस्तक उघडून बसले.

खरा धक्का दिला तो आत्यानं. माझ्या वडलांची ही थोरली बहीण विधवा होऊन आमच्याकडं राहायला आली होती आणि नंतर कुठं म्हणून गेली नव्हती. लग्नकार्य नाही, जत्रा नाही. ती दारात येऊन म्हणाली, "मीबी येतो. मले पाहाचं हाय ती मोटार किती पळते."

आई हरखून म्हणाली, "मंग तुमचं एक लुगडं बांधून घेतो बाई."

"माह्यासाठी काहीच बांधू नको," आत्या म्हणाली आणि नुसत्या हातानं जाऊन गाडीत बसली. मी हसले. आईनं मला चुलीपाशी ओढलं आणि हळू आवाजात जे सांगितलं, त्यानं माझं हसू जागच्या जागी मेलं.

आत्याला एक मुलगा होता, हे मला माहीत होतं. तीन वर्षांचा असताना त्याचा घसा सुजला, श्वास अडकायला लागला, आणि जालन्याच्या दवाखान्यात नेताना तो बैलगाडीतच गेला, हेही ऐकलेलं होतं. माहीत नव्हतं ते एवढंच, की निघण्याआधी आत्यानं सामान बांधलं होतं. दवाखान्यात किती दिवस राहावं लागेल कोण जाणे म्हणून पीठ, तेल, भांडी, पोराची दुपटी. त्या बांधाबांधीत अर्धा तास गेला असेल. मग गाडी निघाली, पण वाटेत ते सिंदखेडच्याही अलीकडं होते तेव्हा पोरगं थंड पडलं. आत्याच्या सासूनं तिला चारचौघांत म्हटलं, "गठुडे बांधत बसली म्हणून गेलं लेकरू." त्यानंतर आत्यानं कधी कशाला गाठ मारली नाही. मी सतरा वर्षं तिच्या मांडीवर लोळले होते आणि मला हे माहीत नव्हतं! मला स्वतःची लाज वाटली.

शनिवारी दुपारी आम्ही सडकेला लागलो. सगळं दुसरबीड तिथं लोटलं होतं. आणखी पुढं जाऊन एका आंब्याखाली गाडी सोडायची ठरली. सडकेच्या कडेला फर्लांगाचे पांढरे दगड होते. आत्यानं विचारलं, "या दगडापासून त्या दगडापर्यंत आपली गाडी किती आकड्यात जाते, मोजतं का पोरी?" मी मोजलं. एकशे पन्नास झाले.

त्या दिवशी मोटारी आल्या नाहीत. रविवारी सकाळी आम्ही दशम्या खात असताना पलीकडून आरडाओरडा झाला आणि सगळे सडकेकडं धावले. आधी लांब धुरळा दिसला. मग एक आवाज आला, पिठाच्या गिरणीसारखा, पण तो वाढतच गेला. माझ्या तळव्यांखाली जमीन थरथरायला लागली. निळी बुटकी मोटार दगडापाशी आली तेव्हा आत्यानं माझं मनगट धरलं. "मोज!"

एक, दोन, तीन. आमच्या अंगावरून गरम वारा गेला. सहा, सात, आणि मोटार दुसरा दगड ओलांडून गेली.

मी आयुष्यात पुढं विमानात बसले, पण तसा वेग पुन्हा अंगावरून गेला नाही. मला रडू येत होतं आणि का ते कळत नव्हतं. आईच्या हातातला नारळ हातातच राहिला. वडील फेटा वर धरून "अहो! अहो!" म्हणत चार पावलं धावले आणि थांबले.

"पण ही तं एकटीच पळून राह्यली," ते वैतागून म्हणाले. "दुसरी जोडी कुठी हाय? हिची शर्यत कोणाशी?"

"घड्याळाशी," मी सांगितलं. "एकेक सोडतात. ज्याला कमी वेळ लागतो तो जिंकतो."

"वखताशी?" आत्या म्हणाली. "वखताशी शर्यत लावता येते?"

एकामागून एक मोटारी येत होत्या, लाल, पांढऱ्या, एक तर दरवाजा दोरीनं बांधलेली. लोक टाळ्या वाजवत होते. आत्या एकाही मोटारीकडं पाहत नव्हती. ती सडकेकडं पाहत होती. लेकराला नेलं त्या वेळी डांबर नव्हतं एवढंच, सडक हीच होती. तिचं सासर इथून मेहकरच्या बाजूला दोन कोसांवर.

"पोरी, तू शिकेल हायस. ही मोटार इथून जालन्याले कधी पोहोचन?"

मी मनात हिशेब केला. "अर्ध्या तासाच्या आसपास."

"माह्या बांधाबांधीत तेवढाच वखत गेला होता," ती म्हणाली.

मला वाटलं आपण जीभ चावून घ्यायला हवी होती.  मग तिनं ज्या प्रश्नासाठी ती खरं तर आली होती तो विचारला. तिचा आवाज बारीक झाला होता.

"आन त्या अर्ध्या घंट्यात आपली बैलगाडी कुठवर गेली असती?"

दीडशे आकड्यांना एक फर्लांग. सेकंदाला एक आकडा, म्हणजे अर्ध्या तासाचे अठराशे. मी दोनदा भागाकार केला, चुकायची भीती वाटत होती. मग बोट केलं. सडक पुढं सरळ जाऊन चढाला लागत होती, आणि चढावर एक वड दिसत होता.

"बारा फर्लांग. त्या वडापर्यंत."

"त्या वडापर्यंत?"

"हो आत्या."

"बस, एवढंच?"

"एवढंच. जालना तिथून पुढं दहा तास होतं."

तिनं डोळ्यांवर हात धरून वडाकडं पाहिलं. मोटारी येत होत्या, जात होत्या, आणि ती त्या एका झाडाकडं पाहत होती. वीस वर्षं ही बाई एवढीशी सडक छातीवर घेऊन जगली होती. मोटारीचा वेग मोठाच होता, पण मी थक्क होऊन पाहत राहिले ती तिच्याकडं.

"बैल तरी काय करतीन बिचारे," ती शेवटी म्हणाली. तिनं पदरानं तोंड पुसलं.

दुपारनंतर सडक रिकामी झाली. आई घोंगड्या गोळा करायला लागली.

"सरक," आत्या तिला म्हणाली. "तुले नीट बांधता येत नाही." मग वडलांकडं वळून, "तो फेटा आण रे इकडं. कोणी घेतला नाही तं नाही."

 वडलांनी फेटा दिला. आत्यानं घोंगड्या, कंदील, उरलेल्या दशम्या, सगळं एकावर एक नीट रचलं, वरून कोरा तांबडा फेटा आवळला आणि गुडघा टेकवून गाठ मारली. तिला त्यात बराच वेळ लागला. आम्ही तिघंही बैलांशेजारी उभे राहिलो, आणि लवकर कर असं तिला कोणीही म्हटलं नाही.